चर्चा बंद करण्यात आली आहे

प्राध्यापक उदय शेटे निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी कुणी सल्ला विचारायला आलं की त्यांची मान अजून दोन बोटं वर जायची. २०३९ च्या फेब्रुवारीत त्यांच्याकडे राज्य सरकारच सल्ला विचारायला आलं. पलीकडच्या जिल्ह्यातल्या बोरजाई नावाच्या गावाच्या पाण्याची चौकशी होती. ज्या प्रोग्रामने घोळ घातला तो ‘आर’ नावाच्या जुन्या संख्याशास्त्रीय भाषेत लिहिलेला होता, आणि ती भाषा स्वतःच्या डोळ्यांनी वाचणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. प्रोग्राम यंत्रंच लिहायची आणि यंत्रंच वाचायची. चौकशी अधिकारी मीनाक्षी लोखंडे फोनवर म्हणाल्या, सर, तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे? सरांनी मिनिटभर विचार केल्यासारखं दाखवलं आणि हो म्हटलं.

त्यांची बायको वैजयंती समोर बसून शेंगा सोलत होती. कसली चौकशी, म्हणून तिने विचारलं.

एका पोरीने आकड्यांच्या जागी अक्षरं भरून ठेवली, सर म्हणाले, आणि सहा वर्षं गाव विषारी पाणी पीत राहिलं. वाचायचा कंटाळा, दुसरं काय.

वैजयंती शेंगा सोलत राहिली. तिची स्वतःची एकतीस वर्षं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत गेली होती. पण या बाबतीत तिला काही विचारावं असं सरांना सुचलं नाही, आणि सुचत नाही हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

प्रकरण असं होतं. कोरड्या तालुक्यांतल्या विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराइड असतं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की आधी मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात, आणि त्याच्या कितीतरी पट झालं की पुढे गुडघे वाकतात, पाठी ताठतात. कुठल्या गावाला आधी शुद्धीकरण यंत्र द्यायचं हे पूर्वी पुढारी ठरवायचे. त्यावरून ओरड झाली आणि २०३३ पासून ‘जलक्रम’ नावाची प्रणाली ते ठरवू लागली. प्रयोगशाळांनी मोजमापं पाठवायची, जलक्रमने गावं क्रमाने लावायची, वरच्या गावांकडे यंत्रं आपोआप रवाना व्हायची. मध्ये माणूस नाही, म्हणजे लबाडी नाही, असं सगळ्यांनी छातीठोक सांगितलं होतं. बोरजाईच्या पाण्यात फ्लोराइड होतं ११.२. यादीत ते पहिलं असायला हवं होतं. ते होतं एकशे चाळिसावं.

पहिली सुनावणी जिल्ह्याच्या जुन्या विश्रामगृहात झाली. समोर फरजाना मुजावर बसली होती. वय एकतीस, जिल्हा प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ, तीन महिन्यांपासून निलंबित. मांडीवर एक जाड वही, आणि वहीवर दोन्ही हात. मागच्या बाकावर बोरजाईच्या सरपंच ताराबाई हजारे होत्या. बोलताना त्या पदर तोंडावर धरायच्या.

फरजानाने सांगितलं की त्यांचं मीटर अर्ध्याच्या खालचं वाचू शकत नाही. अशा वेळी शून्य लिहिलं तर ते खोटं होतं, कारण शून्य आहे हे कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून तक्त्यात ‘०.५ पेक्षा कमी’ असं लिहायचं, हे प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी शिकवतात.

“माहितीपुस्तिकेत लिहिलंय, या रकान्यात फक्त आकडे भरावेत,” शेटे सर म्हणाले. “वाचलं होतं?”

“वाचलं होतं, सर. पण न मोजलेला आकडा कसा लिहू?”

सर लोखंडे मॅडमकडे वळून हसले. चाळीस वर्षं वर्गात वापरलेलं हसू होतं ते. या भाषेत नव्याने येणारा प्रत्येक जण हीच बाळबोध चूक करतो, असं त्यांनी सांगितलं. हजार आकड्यांच्या रकान्यात एक जरी अक्षर आलं, तरी ही भाषा तो अख्खा रकाना मजकूर समजते.

फरजानाने विचारलं, “सर, मग प्रोग्राम तिथेच थांबायला हवा होता ना? मजकुराचा क्रम त्याने लावला कसा?”

“तो तुमचा विषय नाही,” सर म्हणाले.

तिने वहीकडे पाहिलं. प्रश्न अगदी नेमका होता हे सरांना त्याच क्षणी कळलं होतं, आणि म्हणूनच त्यांनी तो तोडला होता. हे मात्र त्यांनी स्वतःशी कबूल केलं ते दोन दिवसांनी.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन त्यांनी जलक्रमचा प्रोग्राम उघडला. चारशे ओळींचा होता. एकशे बाराव्या ओळीवर त्यांची नजर थांबली आणि चक्क त्यांना हसू आलं. त्या ओळीत दोन नावं होती, रोमन अक्षरांत लिहिलेली: झुणका आणि भाकरी. वसतिगृहात असताना सरांना सारखी भूक लागायची. तेव्हापासून प्रोग्राममधल्या प्रत्येक गोष्टीला खाण्याच्या पदार्थाचं नाव द्यायची त्यांना खोड होती. आलेला कच्चा रकाना तो झुणका, तयार आकडे ती भाकरी. हा आपलाच कुणी चेला दिसतो, असं वाटून त्यांची छाती दोन सेकंद फुगली. मग त्यांनी ती ओळ वाचली. भाकरी म्हणजे झुणक्याचे आकडे कर, इतकंच त्या ओळीत म्हटलं होतं. त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला.

ही भानगड समजायला संख्याशास्त्र लागत नाही. त्या काळी आर भाषेला रकान्यात मजकूर दिसला की ती त्यातल्या वेगवेगळ्या मूल्यांचे वर्ग पाडायची, आणि प्रत्येक वर्गाला आतल्या आत एक क्रमांक द्यायची. क्रमांक कसे, तर शब्दकोशासारखे, पहिल्या अक्षरावरून. शब्दकोशात ‘१.२’ नंतर ‘११.२’ येतं आणि त्यानंतर ‘२.३’, कारण दोनच्या आधी एक. आता अशा रकान्याला कुणी नुसतं म्हटलं की आकडे हो, तर ती मूळ मापं देत नाही. आतले क्रमांक देते. चूक झाल्याचं सांगत नाही, इशारा देत नाही, मुकाट देते. म्हणून ११.२ चं बोरजाई २.३ च्या गावांच्या मागे जाऊन बसलं. बहुतेक गावांची मापं एकअंकी, त्यांचा क्रम बरोबरच लागायचा, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. गेली ती फक्त दहाच्या वरची गावं, म्हणजे ज्यांचं पाणी सगळ्यात वाईट होतं ती.

खरे आकडे हवे असतील तर रकाना आधी पुन्हा साधा मजकूर करायचा आणि मग त्याचे आकडे करायचे. एका पायरीचा फरक. कुठल्याही बऱ्या पुस्तकात ही सूचना ठळक अक्षरांत असायची. शेटे सरांच्या स्वतःच्या पुस्तकातही होती.

दुपारी मागोव्याचा अहवाल आला.

मागोवा हे तेव्हाचं नवं यंत्र होतं, दोनच वर्षांचं. जगातल्या कुठल्याही प्रोग्रामची कुठलीही ओळ दिली की ती मूळ कुणाची हे ते शोधायचं. लोणच्याची एक कृती घरोघर जाते तेव्हा एक जणी गूळ घालते, तिच्याकडून नेणारी गूळ ठेवून मेथी वाढवते. चार घरची लोणची चाखून जाणकार बाई सांगू शकते की कुणी कुणाचं उचललं. जीवशास्त्रज्ञ जनुकांतल्या अशाच बारीक बदलांवरून सजीवांचे वंशवृक्ष काढतात. मागोवा तेच प्रोग्रामच्या ओळींचं करायचा. मोकळ्या जागा, नावं, शेजारच्या टिपा, न दुरुस्त केलेल्या चुका, सगळं तपासून मागे मागे जात मुळाशी पोचायचा.

झुणक्याच्या ओळीचे त्याला एकेचाळीस हजार वंशज सापडले होते. फिनलंडच्या जंगल खात्यात झुणका होता, पेरूच्या एका बँकेत भाकरी होती. तिथल्या कुणालाही हा काय प्रकार आहे हे माहीत नव्हतं. माणसांनी नकला केल्या होत्या. नंतर प्रोग्राम लिहिणारी यंत्रं आली, त्यांनी जुने प्रश्नोत्तरांचे कट्टे वाचून काढले आणि ज्या उत्तराला जास्त टाळ्या ते बरोबर असं मानून तीच ओळ पुढे वाटली. मध्यंतरी आर भाषेने मजकुराचे वर्ग पाडायची खोड सोडली, तर यंत्रांनी खोड चालू ठेवायची सूचना वर जोडली, कारण तिच्यावाचून झुणका चालत नव्हता. आणि या सगळ्याच्या तळाशी एकच नोंद होती: ‘सांख्यकट्टा’, १९ जुलै २०१६, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं, उत्तर देणारे शेटे सर.

खाली तज्ज्ञासाठी एक चौकट होती. मूळ मान्य, किंवा मूळ अनिश्चित. अनिश्चित केलं असतं तर कुणी विचारणारं नव्हतं, कारण ज्याला विचारायचं तो तज्ज्ञ तेच होते. ठपका फरजानावर राहिला असता, तिची नोकरी गेली असती, आणि सुनावणी संपून सर चार वाजता घरी आले असते. सरांचं बोट ‘अनिश्चित’वर जाऊन थांबलं. किती वेळ थांबलं ते लिहायला नको. जेवढा वेळ थांबलं तेवढ्याचीही त्यांना पुढे लाज वाटत राहिली.

मग त्यांनी कट्ट्यावरच्या त्या जुन्या प्रश्नोत्तरांचा धागा उघडला.

‘पाणवठा’ नावाच्या कुणीतरी विचारलं होतं की फ्लोराइडच्या रकान्याची सरासरी निघत नाही, काही मापांपुढे ‘पेक्षा कमी’ लिहिलेलं आहे, काय करावं? खाली सरांचं उत्तर होतं: पुस्तक वाचण्याची प्रथा आता उरलेली दिसत नाही, असो, ही घ्या एक ओळ. त्याला तीनशे बारा टाळ्या. सर दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता अशी पाच-सहा उत्तरं पाडायचे. ते घाईत लिहिलं होतं, मधली पायरी राहून गेली होती. चूक कुणाचीही होते. पण धागा तिथे संपत नव्हता.

एक तासाने पाणवठाने पुन्हा लिहिलं होतं. सर, आता सरासरी येते, आभारी आहे, पण माझ्याकडचं सगळ्यात मोठं माप ६.२ आहे आणि सरासरी ४१ येते, असं कसं होईल?

असं होऊच शकत नाही. हे चौथीतल्या पोराला कळेल. सरांनी खाली काय लिहिलं होतं ते सरांनी आता वाचलं. ते उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले आणि पुन्हा वाचलं. तरी तेच लिहिलेलं होतं.

वैजयंती बागेतून आत आली तेव्हा ते तसेच बसले होते. काय झालं, तिने विचारलं. लपवण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. त्यांनी ओळीबद्दल सांगितलं, मागोव्याबद्दल सांगितलं, पाणवठाच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल सांगितलं.

“आणि मी त्या माणसाला काय उत्तर दिलं माहितीये? मी लिहिलंय, सरासरी गणिताने निघते, आपल्या मनाने नाही. आणि पुढे...” त्यांना पुढचं वाचवेना.

“पुढचं मी सांगू?” वैजयंती म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं.

“सगळ्यांनीच आकडेमोड करावी असं नाही, काहींनी नुसत्या भाकरी थापल्या तरी देश चालतो.” तिने एकेक शब्द जागच्या जागी म्हटला. तेवीस वर्षांत त्यातलं एक अक्षर हललं नव्हतं.

जमिनीने पोटात घ्यावं म्हणतात, ते सरांना त्या खुर्चीत बसल्या बसल्या पटलं.

“तू होतीस?”

“मीच होते.”

“अगं, मग घरी का नाही विचारलंस? एकाच घरात तर राहत होतो आपण.”

वैजयंतीने हातातली खुरपी खिडकीत ठेवली. “घरी विचारलं की तुम्ही चिडायचात, अहो. दोनदा विचारून पाहिलं होतं. एवढं पण येत नाही, म्हणालात. कट्ट्यावर तुम्ही लोकांना उत्तरं देता हे माहीत होतं. म्हटलं, परक्या माणसाशी जरा नीट बोलत असाल.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर सरांना सोपं गेलं असतं. रागाशी वाद घालता येतो.

बाकीचं तिने भाजीचा हिशेब सांगावा तितक्या सरळ आवाजात सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले तेव्हा ती खरोखरच भाकरी थापत होती. त्यांनी जेवता जेवता, आज एकाला काय झाडलाय म्हणून सांगितलं होतं आणि ती हसली होती. तिसऱ्या दिवशी तिने ग्रंथालयातून पुस्तक आणलं, सरांचंच, आणि मधली पायरी शोधून काढली. आधी मजकूर, मग आकडे. सरासरी दोनच्या आसपास आली. कुणाला तरी उपयोग होईल म्हणून तिने ते त्याच धाग्यावर लिहायला घेतलं. पण कट्ट्याचे व्यवस्थापक शेटे सरच होते. त्यांनी धाग्याला कुलूप लावलं होतं. लिहायच्या जागी फक्त एक पाटी होती: चर्चा बंद करण्यात आली आहे.

“नंतर नाही पाहिलं मी ते,” ती म्हणाली. “वहीवर करत राहिले सगळं.”

सरांना एकेक आठवायला लागलं. वरिष्ठ तंत्रज्ञाच्या बढतीला संगणकाची परीक्षा होती, ती वैजयंतीने दिली नव्हती. दोनदा संधी आली, दोनदा नाही म्हणाली. आणि पाहुण्यांसमोर, लग्नकार्यात, सर मोठ्याने सांगायचे की आमच्या हिला आकडे काही झेपत नाहीत. सगळे हसायचे. तीही सगळ्यांना वाढत वाढत हसायची.

“मला का नाही सांगितलंस कधी?” त्यांनी विचारलं.

“काय सांगायचं होतं?” ती म्हणाली आणि आत गेली.

त्यांनी चौकटीत ‘मूळ मान्य’ केलं. त्याला आता काही धैर्य लागलं नाही, आणि धैर्य लागलं नाही याचंही त्यांना बरं वाटलं नाही.

दुसरी सुनावणी सोमवारी होती. कायद्याप्रमाणे ती सगळ्यांना घरबसल्या पाहता येत होती. सरांनी उभं राहून सांगितलं की जलक्रममधली सदोष ओळ त्यांनी स्वतः लिहिलेली आहे, २०१६ साली, एका प्रश्नाच्या उत्तरात. मधली पायरी राहून गेली. फरजाना मुजावर यांनी ‘पेक्षा कमी’ लिहिलं ते योग्यच होतं, प्रामाणिक नोंदीची तीच पद्धत आहे. आणि मजकुराचा क्रम लागला कसा, हा त्यांनी गेल्या वेळी विचारलेला प्रश्न या अख्ख्या चौकशीतला सगळ्यात नेमका प्रश्न होता, तो आपण तोडला. त्याबद्दल ते तिच्याकडे वळून माफी मागतो म्हणाले.

सभागृहात कुजबुज झाली. लोखंडे मॅडमनी चष्मा काढून पुसला. फरजानाने वहीवरचे हात उचलले, पुन्हा ठेवले आणि नुसती मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण ते सरांसाठी भरले नव्हते हे दिसत होतं.

ताराबाई हजारे मागून उठल्या. “म्हंजी आमच्या गावाचा आकडा मोठा, म्हून आमी मागं ऱ्हायलो?”

“हो,” सर म्हणाले.

“आन् हे कुनालाच दिसलं न्हाई? सा वरसं?”

सरांनी सांगितलं की दिसण्यासारखं नव्हतं, बाकीचा क्रम बरोबर लागत होता. ताराबाईंनी पदर तोंडावरून काढला. त्यांचे दात तपकिरी होते आणि त्या ते मुद्दाम दिसू देत होत्या. “माज्या लेकीचं बी असंच हायेत. ती आता हसत न्हाई,” एवढं बोलून त्या खाली बसल्या. सर उभेच राहिले. बसायची परवानगी कुणाकडे मागावी ते त्यांना समजेना.

लोखंडे मॅडमनी तिथल्या तिथे फरजानाचं निलंबन मागे घेतलं, आणि बोरजाईला महिन्याभरात यंत्र द्यावं असा आदेश काढला. बाहेर पडताना दोघा-तिघांनी सरांचा हात हातात घेतला. एवढ्या मोठ्या माणसाने चूक कबूल करायची म्हणजे साधी गोष्ट नाही, म्हणाले. परतीच्या प्रवासात सरांना जरा हलकं वाटू लागलं. घर जवळ येईपर्यंत तर थोडं चांगलंही वाटू लागलं होतं.

वैजयंतीने सुनावणी पाहिली होती. तिने पाणी आणून दिलं आणि समोर बसली. ती पोरगी कामावर परत जाईल हे बरं झालं, म्हणाली. सरांनी मान हलवली. काहीतरी कौतुकाचं ऐकू येईल म्हणून ते वाट पाहत होते, हे सांगायला त्यांचं त्यांनाच कसंतरी वाटलं असतं.

“तुम्ही ओळीचं सांगितलंत,” ती म्हणाली. “दुसऱ्या प्रश्नाचं नाही सांगितलंत.”

सरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“ताराबाईंनी विचारलं, कुणालाच दिसलं नाही का. तुम्ही म्हणालात, दिसण्यासारखं नव्हतं. मला दिसलं होतं. एका तासात दिसलं होतं.”

सर बोलायला गेले की ते वाक्य तांत्रिक नव्हतं, चौकशी प्रोग्रामची होती, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला. तीनही कारणं त्यांनी मनात म्हणून पाहिली, आणि तीनही त्यांना विश्रामगृहातल्या त्यांच्या हसण्यासारखी वाटली. आजवर लाज वाटत होती ती चूक झाल्याची. चूक कबूल करायला त्यांना फारसं जड गेलं नव्हतं. चूक केल्यानेही माणूस मोठाच राहतो. लपवलं होतं ते दुसरंच होतं.

“तुझं नाव घातलं तर चालेल?” त्यांनी विचारलं.

वैजयंतीने बराच वेळ विचार केला. “घाला,” ती म्हणाली. “पाणवठा नको. माझं घाला. आणि मी काय शोधलं होतं तेही घाला.”

उन्हं अजून व्हरांड्यात होती. सरांनी चौकशीचं दफ्तर पुन्हा उघडलं आणि पुरवणी जबाब लिहायला घेतला. त्यांना शुद्धलेखन तपासायची सवय होती, पण आज त्यांनी काही तपासलं नाही. १९ जुलै २०१६ रोजी प्रयोगशाळा तंत्रज्ञ वैजयंती उदय शेटे यांनी ही चूक एका तासात ओळखली होती, त्यांनी लिहिलं. त्यांनी तसं विचारलंही होतं. त्यावर मी पुढील उत्तर दिलं. मग त्यांनी ते वाक्य लिहिलं, भाकरीसकट, सगळं. त्याखाली लिहिलं की त्यानंतर मी धाग्याला कुलूप लावलं, त्यामुळे त्यांनी शोधलेली योग्य पायरी कुणापर्यंत पोचली नाही. आणि ती पायरी त्यांनी शेजारी उभ्या वैजयंतीला विचारून, तिच्या शब्दांत लिहिली. आधी मजकूर, मग आकडे.

जबाब पाठवताना मागोव्याने नेहमीचा प्रश्न विचारला. यंत्रच ते, प्रत्येक नोंदीला एक खण लागतो. पडद्यावर सरांचं ते जुनं वाक्य उचलून दाखवलं होतं आणि खाली विचारलं होतं:

हे वाक्य दोषाचं तांत्रिक कारण आहे काय?

सरांनी वैजयंतीकडे पाहिलं नाही. त्यांना पाहता आलं नसतं. त्यांनी ‘होय’वर बोट ठेवलं.